बॅटरी आहे असं समज

सोमवार, ६

वीज कार्यालयाची चिठ्ठी स्टुडिओच्या दाराखालून आत सरकवलेली सापडली. कोपऱ्यावरचा जुना ट्रान्सफॉर्मर बदलणार आहेत. महिनाभर लाइट कधीही जाईल, सहकार्य करावं. वेळ दिली असती तर मी तेवढ्या वेळेपुरती घाबरले असते. आता दिवसभर घाबरायचं.

पेटी अजून ओरडतेय. पेटी म्हणजे ह्यांचा संगणक. त्यात चार डिस्क बसवल्या आहेत आणि सगळं रेकॉर्डिंग त्या चौघींत वाटून ठेवलेलं असतं. हे सांगायचे, एक गेली तरी उरलेल्या तिघी तिचं सांभाळून घेतात, जावाजावांचं असं कुठे दिसणार नाही. गेले काही दिवस पेटी थोड्या थोड्या वेळाने टीं करते आणि फार मंद झाली आहे. एक पान रेकॉर्ड झालं की ते आत उतरेपर्यंत ताटकळत बसावं लागतं.

दुपारी कंडक्टर आले. बसवरची नोकरी संपली तरी आम्ही त्यांना कंडक्टरच म्हणतो. ड्युटी सुटली की ते इथे येऊन अंधांच्या लायब्ररीसाठी पुस्तकं वाचायचे. काचेच्या आत ते, काचेबाहेर हे, आणि ह्यांच्या शेजारी मी पान धरून. शब्द सुटला की हात वर करायचा, एवढंच माझं काम. शाळा मी चौथीत सोडली होती. नीट वाचायला मी कंडक्टरांच्या आवाजामागे बोट फिरवत शिकले.

त्यांनी हॉस्पिटलचा कागद टेबलावर पालथा ठेवला. म्हणाले, तिकीट निघालंय. आवाज खरखरत होता. घशात गाठ आहे. अठ्ठावीस तारखेला स्वरयंत्र काढून टाकणार. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घेतील, बोलणं मात्र कायमचं बंद. तिथल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी एक मार्ग सांगितला आहे. आधी काही शे वाक्यं स्वच्छ रेकॉर्ड करून दिली, तर संगणक त्यावरून त्यांचा आवाज शिकतो. मग ते लिहितील आणि तो बोलेल, त्यांच्या आवाजात. जे काय करायचं ते अठ्ठावीसच्या आत. नंतर कुणाच्याच हातात काही नाही.

मी हो म्हटलं. ते गेल्यावर दार लावलं आणि तशीच उभी राहिले. पेटी ओरडत होती.

बुधवार, ८

दिराला बोलावलं होतं. एका मोठ्या कार्यालयाचे संगणक तो बघतो. इथलं काम तो भावासाठी म्हणून करतो आणि घाईत करतो.

त्याने पेटी उघडून पाहिली. डिस्क सांभाळणाऱ्या आतल्या कार्डाला एक छोटी बॅटरी असते, काडेपेटीएवढी, ती मेली आहे. म्हणून पेटी घाबरून एकेक अक्षर थेट डिस्कवर लिहितेय, म्हणून मंद. नवी बॅटरी मागवायला वेळ लागेल. त्याने काहीतरी दाबलं आणि ओरडणं थांबलं. काय केलंस, विचारलं, तर हसून म्हणाला, "कार्डाला सांगितलं वहिनी, बॅटरी आहे असं समज."

लगेच भराभर चालायला लागली. मला इतकं हायसं वाटलं की त्याला दोनदा चहा पाजला.

दुपारी कंडक्टरांची पहिली बैठक झाली. वाक्यं साधीच आहेत. मला पाणी हवंय. आज हवा बरी आहे. दार लावून घ्या. त्यांची बायको माझ्या शेजारी बसली होती. ‘तुझं बरोबर आहे’ हे वाक्य आलं तेव्हा ती म्हणाली, हे दहा वेळा घ्या, घरी एकदाही निघालेलं नाही. आत ते हसले, हसताना खोकला आला, आणि पुढचा अर्धा तास काही घेता आलं नाही. बायकोने नंतर चेष्टा केली नाही.

शुक्रवार, १०

लाइट गेली.

आम्ही मध्यावर होतो. स्टुडिओला खिडक्या नाहीत, भिंतींना फोम. लाइट गेली की भरदुपारी सुद्धा डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही, आणि आवाजही सगळे एकदम थांबतात. पेटीचा पंखा थांबला ते मला सगळ्यात आधी कळलं. काचेआडून कंडक्टर म्हणाले, "कुणी उतरू नका, गाडी बंद पडलीय." त्यांच्या बायकोने माझा हात धरला. हात माझाच गार होता.

थोड्या वेळाने आली. पेटी नीट सुरू झाली, उघडून पाहिलं तर सगळी वाक्यं जागच्या जागी. नाव आहे, लांबी आहे, शेवटच्या वाक्यासमोरही ‘जतन झालं’ असं लिहिलेलं. जीव भांड्यात पडला.

तरी घरचा इन्व्हर्टर उचलून आणायचं ठरवलं. घरी आता त्याचा काही उपयोग नाही. ह्यांच्या ऑक्सिजनच्या मशीनसाठी घेतला होता.

शनिवार, ११

इन्व्हर्टर आणला. हमालाने बॅटरी ठेवताना विचारलं, किती जुनी आहे. मी म्हटलं, फार नाही. हिरवा दिवा लागला आहे. हिरवा दिवा बघितला की बरं वाटतं. ह्यांच्या पलंगाशी होता तेव्हाही हिरवाच असायचा.

सोमवार, १३

आज बैठक नव्हती म्हणून झालेलं सगळं ऐकायला बसले. माझी पद्धत जुनीच, कागद समोर, बोट शब्दाखाली. संगणकाने जतन झालं म्हटलं तरी कानाने पाहिल्याशिवाय पान उलटायचं नाही, हे ह्यांनीच लावलेलं वळण.

पहिल्या दिवसाची सगळी वाक्यं चोख. शुक्रवारची सुरुवात चोख. मग एका वाक्यात ते ‘मला जरा’ म्हणतात आणि पुढे काही नाही. पुढची फाइल लावली. काही नाही. हवेचा आवाज नाही, खुर्चीची करकर नाही, माणूस गप्प बसला की जी शांतता येते तीसुद्धा नाही. अशा एका पाठोपाठ एक. नाव आहे, लांबी बरोबर आहे, पुढे ‘जतन झालं’ आहे, आणि आत काहीच नाही. मी बोट शब्दाखालून पुढे सरकवत राहिले. थांबवायचं सुचलं नाही.

मग भीती दुसरीकडे वळली. ह्या पेटीत जुन्या पुस्तकांचं कच्चं रेकॉर्डिंग आहे, सगळ्या वर्षांचं. पक्की पुस्तकं लायब्ररीत आहेत, त्यांना काही धोका नाही. कच्च्यामध्ये मधलं सगळं राहतं. चुका, खोकला, कंडक्टरांचे विनोद, आणि प्रत्येक पानाआधी हे सांगतात, अमुक पान, घ्या. पक्कं करताना ते कापायचं असतं. मी ते ऐकत नाही. ह्यांना जाऊन दोन वर्षं होत आली, एकदाही लावलेलं नाही. आहे हे माहीत असलं की पुरतं.

आज एक फाइल उघडली. पंखा मोठा करून, आवाज अगदी बारीक करून, नुसतं आहे का एवढं बघायला. आहे. लगेच बंद केली.

मंगळवार, १४

दीर आला. आधी म्हणाला, माइकची वायर सैल असेल. मी त्याला ऐकवलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. मग त्याने समजावलं, आणि या वेळी घाई केली नाही.

वेगासाठी पेटी आलेलं सगळं आधी आपल्या डोक्यात ठेवते आणि तोंडाने ‘झालं’ म्हणून मोकळी होते. डिस्कवर सवडीने उतरवते. मधेच लाइट गेली तर डोक्यातलं जाऊ नये, म्हणून ती काडेपेटीएवढी बॅटरी. ती नव्हती. पेटीला ते माहीत होतं, म्हणून ती जपून चालत होती आणि ओरडत होती. आपण तिला गप्प केलं.

"मी केलं," तो म्हणाला. "आपण नाही."

दोनदा चहा मीच पाजला होता.

त्याने पेटी पुन्हा जुन्या मंद चालीवर टाकली. आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सगळीच कळली नाही. शुक्रवारी चौघीजणी लिहिता लिहिता मध्येच तुटल्या, काहींनी नवं लिहिलं, काहींकडे जुनंच राहिलं. वरून सगळं ठीक दिसतं. पण उद्या एक मेली आणि बाकीच्यांना तिचा हिशेब सांगायची वेळ आली, तर त्या भलतंच सांगतील. तपासणी लावायची तर पेटी दोन दिवस अखंड चालू हवी. सगळं बाहेरच्या डिस्कवर काढायचं तरी तेच. ह्या महिन्यात अखंड काय चालणार.

जाताना त्याने इन्व्हर्टरची वायर भिंतीतून काढली, किती टिकतो बघायला. हिरवा दिवा तसाच होता. समोरचा चहा गार व्हायच्या आत पेटी बंद पडली.

दीर म्हणाला, बॅटरी बसलीय, नुसता दिवा जळतो. मी विचारलं, अशी बसायला किती दिवस लागतात. तो म्हणाला, काही सांगता येत नाही, दोन-तीन वर्षांत हळूहळू उतरते, कळतही नाही. मग तो वायर गुंडाळू लागला. पुरेशी गुंडाळून झाली तरी गुंडाळत होता.

मी कप विसळले. हे गेले त्या पहाटे लाइट नव्हती, पण ऑक्सिजनची मशीन चालू होती. घरघर ऐकू येत होती मला. येत असणार.

गुरुवार, १६

गेलेली वाक्यं पुन्हा घेतोय. कंडक्टरांना खरं सांगितलं. वाटलं होतं चिडतील. म्हणाले, "ताई, माझी गाडी कितीदा अर्ध्या वाटेतनं परत फिरली असेल, प्रवासी रडतात, कंडक्टर नाही." पण आठ दिवसांत आवाज आणखी फाटलाय. तेच वाक्य आता दुसऱ्या कुणाचं वाटतं. ‘आज हवा बरी आहे’ म्हणताना ‘बरी’वर हवा निघून जाते.

आता एकेक वाक्य घ्यायचं, मग थांबायचं. पेटीवरचा दिवा लुकलुकायचा थांबला की पुढचं. मी काचेबाहेरून हात वर धरून बसते, दिवा स्थिर झाला की खाली घेते. हे काचेबाहेर बसायचे तेव्हा हात वर म्हणजे चूक झाली असं होतं. त्यामुळे पहिले काही वेळा कंडक्टर दचकून तेच वाक्य पुन्हा म्हणाले.

हॉस्पिटलच्या यादीतली वाक्यं त्यांना पुरेनात. म्हणाले, यात कुणावर डाफरायची सोय नाही. बायको म्हणाली, नकोच ती. तरी त्यांनी घेतली. किती वेळ लावतेस. चष्मा माझ्या डोक्यावरच आहे का बघ. मग एक वाक्य फार हळू म्हणाले, तिच्याकडे न बघता. ते मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. ती उठून बाहेर गेली. मी दिव्याकडे बघत होते. दिवा थांबायला इतका वेळ कधी लागला नव्हता.

वाटेत वायरमन भेटला, शिडी खांद्यावर. विचारलं, आणखी किती दिवस. म्हणाला, मोठी जोडणी सोमवारी. चार वाजता बंद करणार, दुसऱ्या दिवशी कधीतरी येईल. ही पहिली पक्की वेळ मिळाली.

रविवार, १९

कंडक्टरांच्या बायकोचा फोन. काल रात्री त्यांना श्वास घेताना त्रास झाला. डॉक्टर अठ्ठावीसपर्यंत थांबायला तयार नाहीत. परवा, मंगळवारी. उद्या संध्याकाळी दाखल व्हायचं. उद्या सकाळी येऊन उरलेली वाक्यं देतात म्हणाली. मी म्हटलं, त्यांना झेपेल का. ती म्हणाली, "ते आत्ताच कपडे काढून ठेवतायत उद्याचे. इस्त्रीचे. कोण बघणार आहे माइकसमोर?" आणि रडायला लागली.

सोमवार, २०

नीट लिहिते, म्हणजे डोक्यातून जाईल.

ते सकाळी आले, इस्त्रीचा शर्ट घालून. जिना चढून बसल्यावर बराच वेळ नुसता श्वास घेत होते. थोडीच वाक्यं राहिली होती. एक वाक्य, दिवा, एक वाक्य, दिवा. शेवटून दुसरं वाक्य झालं, दिवा थांबला, मी हात खाली घेतला, त्यांनी तोंड उघडलं आणि लाइट गेली. चार वाजायला अजून खूप अवकाश होता. इन्व्हर्टरने काही क्षण ओढलं आणि सोडलं.

अंधारात त्यांनी शेवटचं वाक्य म्हणून टाकलं. ‘भेटू पुन्हा.’ कुठे उतरणार होतं ते. मी ऐकलं, त्यांच्या बायकोने ऐकलं.

लाइट आली तेव्हा डिस्कच्या चार दिव्यांपैकी एक लाल होता आणि पेटीतून नवाच आवाज येत होता, दाताखाली खडा आल्यासारखा. दिराला फोन केला. तो काम टाकून आला. तोवर मी कशालाही हात लावला नाही. कंडक्टरांना दवाखान्यात जायचं होतं, ते जाईनात.

दीर म्हणाला, एक डिस्क मेली. बाकीच्या तिघी तिचं सांगतायत, पण त्या शुक्रवारपासून त्यांचं एकमेकींशी जमत नाही, आणि त्यातली दुसरी पण आता घरघरतेय. मी विचारलं, चार वाजता बंद करून उद्या पुन्हा लावली तर. त्याने मान हलवली. एकदा बंद झाली की ही उठेल असं मी म्हणणार नाही. आत्ता उठलीय तोवर जे निघेल ते बाहेरच्या डिस्कवर काढू. वेग असा आहे की सगळं नाही निघणार.

मग त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं पेटीत काय आहे ते. त्याच्याही भावाचाच आवाज होता तो.

"वहिनी, आधी काय काढू?"

कंडक्टर आणि त्यांची बायको काचेला टेकून उभे होते. तिने त्यांची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

मी म्हटलं, वाक्यं.

वाक्यं निघायला फार वेळ लागला. एकेक फाइल दोनदोनदा अडकायची, दीर पुन्हा लावायचा. निघाल्यावर मी हेडफोन घातला आणि कागद घेतला. दीर म्हणाला, वहिनी, वेळ नाही, नंतर ऐका, मी दुसरं सुरू करतो. मी म्हटलं, ऐकल्याशिवाय पान उलटायचं नाही. सगळी ऐकली. सोळा तारखेची बारा वाक्यं फाटकी निघाली, ती पुन्हा काढायला लावली. दुसऱ्यांदा आली. ‘भेटू पुन्हा’ नव्हतंच. कंडक्टरांनी खुणेने विचारलं, पुन्हा म्हणू का. बायको म्हणाली, ते नकोच.

ते गेले. मग दिराने जुन्या पुस्तकांना हात घातला. पहिलं नाव पडद्यावर आलं आणि लाइट गेली. चार वाजले होते.

मंगळवार, २१

ऑपरेशन झालं. फोन आला, ठीक आहेत.

लाइट दुपारी आली. दीर आधीच येऊन बसला होता. पेटी उठली नाही. त्याने खूप खटपट केली. संध्याकाळी म्हणाला, मी डिस्क घेऊन जातो, एकजण आहे, तो प्रयत्न करतो, पण वहिनी, आशा ठेवू नका.

मी म्हटलं, नुकसान असं काहीच नाही. पुस्तकं सगळी लायब्ररीत आहेत.

तो हो म्हणाला. डिस्क जुन्या टॉवेलात गुंडाळून घेऊन गेला. जिन्यात बराच वेळ त्याच्या उतरण्याचा आवाज आला नाही.

पुढच्या महिन्यात, शुक्रवार, १४

आज कंडक्टरांकडे गेले होते. दीर स्कूटरवर घेऊन गेला. तो डिस्कचं काही बोलला नाही, म्हणजे कळलं.

ते खुर्चीत बसले होते, बारीक झालेत, गळ्यावर जाळीचं फडकं. मांडीवर ती पाटीसारखी मशीन. बोटाने अक्षरं दाबायची, मग थोडं थांबून ती बोलते. पहिलं काय बोलेल याची मला इतकी धास्ती होती की मी दारातच उभी राहिले. त्यांनी दाबलं, आणि आवाज आला, "या ताई, पुढे सरका, आत जागा आहे."

त्यांचाच. थोडा सपाट, टोकाला लोखंड लागलेला, पण त्यांचा. आजारी पडायच्या आधीचाही नाही आणि नंतरचाही नाही, मधला कुठला तरी. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, सकाळपासून बंद नाही हो ते, रेडिओ परवडला. त्यांनी लगेच दाबलं, "किती वेळ लावतेस." ती चहा घेऊन आली ती हसतच.

दिराने मशीन हातात घेऊन पाहिली, तिची बॅटरी किती चालते विचारलं, मग खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

कंडक्टर सावकाश लिहीत होते. आम्ही थांबलो. मशीनने विचारलं, "आपलं जुनं सगळं वाचलं ना?"

मी म्हटलं, हो तर, पुस्तकं सगळी लायब्ररीत आहेत, एक पान गेलं नाही.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खाली बघून पुन्हा लिहायला लागले. इतकं सावकाश की त्यांच्या बायकोने चहाचा कप माझ्या हातात देऊन त्यावर बशी झाकली.

"पुस्तकांचं नाही विचारलं, ताई."

मी बशी काढली. चहा चांगला झाला होता, तसं त्यांच्या बायकोला सांगितलं.